‘कायम’ निवासाचा हिशेब : परदेशातील हक्क आणि लांबलेली गैरहजेरी

व्यापारासाठी घर सोडणे जैन कुटुंबांना नवे नाही. मारवाड, गुजरात आणि कच्छ येथून दख्खनच्या पेठांत आलेले व्यापारी दूरच्या व्यापारी मुलखाला ‘दिसावर’ म्हणत. पेढी दिसावरात आणि गोतावळा मूळ गावी, असे दोन ठिकाणी वाटले गेलेले आयुष्य अनेक पिढ्यांनी सहज पेलले. सहा-आठ महिने गावी राहून परतलेल्या शेठजींना नगरच्या किंवा सोलापूरच्या पेठेत कोणी विचारीत नसे, की इतके दिवस कोठे होता आणि येथे परत येण्याचा तुमचा अधिकार अजून शिल्लक आहे काय. दुकान उघडे होते आणि बाजारात पत शाबूत होती, म्हणजे माणूस त्या गावचाच होता.

आज याच कुटुंबांतील मुले-मुली न्यू जर्सी, टोरांटो, लंडन, अँटवर्प आणि सिडनी येथे स्थिरावली आहेत. दोन घरांत वाटलेले आयुष्य तेच आहे. आई-वडिलांचे आजारपण, बहिणीचे लग्न, वडिलोपार्जित दुकानाची वाटणी, पर्युषणातला मुक्काम, अशा कारणांनी भारतातली राहणी लांबते. फरक इतकाच, की परत जाण्याचा अधिकार आता बाजारातील पत पाहून ठरत नाही. तो दिवस मोजून ठरतो.

‘परमनंट रेसिडेन्सी’, म्हणजे कायम निवासाचा हक्क, या शब्दप्रयोगातील ‘कायम’ हे विशेषण फसवे आहे. नागरिकत्व सहसा अनुपस्थितीने जात नाही. कायम निवासाचा हक्क मात्र बहुतेक देशांत जातो. परक्या राष्ट्राने हा हक्क देताना मनात धरलेली अट एकच असते : या माणसाने येथे राहावे. जो राहत नाही त्याचा हक्क हळूहळू क्षीण होत जातो, आणि तो केव्हा संपला हे पुण्यात किंवा सांगलीत बसलेल्या माणसाला कळतही नाही. कळते ते परतीच्या प्रवासात, विमानतळावरील अधिकाऱ्याच्या खिडकीसमोर.

हातातला कागद आणि पायाखालची भूमी यांचा संबंध सरकारे किती काटेकोरपणे तपासतात, याचा अनुभव हालारी ओशवाळ जैनांच्या इतिहासात आहे. जामनगर परिसरातून केनियात जाऊन व्यापार उभारणाऱ्या या समाजातील अनेकांनी १९६३ साली केनिया स्वतंत्र झाल्यावर ब्रिटिश पासपोर्ट जवळ ठेवला होता. तो हाती आहे तोवर ब्रिटनचे दार उघडे आहे, असा समज होता. १९६८ च्या कॉमनवेल्थ इमिग्रंट्स कायद्याने तो मोडला. स्वतःचा, आई-वडिलांचा किंवा आजी-आजोबांचा ब्रिटनशी जन्माने अथवा तत्सम नाते नसेल, तर नुसता पासपोर्ट प्रवेशाला पुरेना, आणि परवान्यांच्या मर्यादित संख्येसाठी रांगेत उभे राहावे लागले. कायम निवासाचे आजचे नियम वेगळे आहेत. परंतु त्यांच्यामागचा प्रश्न तोच आहे. या माणसाचे आमच्या भूमीशी खरे नाते काय?

तीन स्वतंत्र खाती

गोंधळ होतो तो बहुधा तीन वेगळे हिशेब एकत्र केल्यामुळे. पहिला हिशेब हक्क मिळण्यापूर्वीचा : ठरावीक वर्षे सलग राहून दाखवताना मध्ये किती दिवस बाहेर राहता येते? दुसरा हक्क मिळाल्यानंतरचा : किती काळ बाहेर राहिल्यास तो संपतो? आणि तिसरा नागरिकत्वाचा : त्यासाठी पुन्हा वेगळी उपस्थिती मोजली जाते. एका खात्यावर शिल्लक आहे म्हणून दुसऱ्यातही असेल, असे गृहीत धरता येत नाही. हक्क शाबूत राहूनही नागरिकत्वाचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागलेली कुटुंबे पुष्कळ आहेत.

ब्रिटन : फिरते बारा महिने

नोकरीच्या व्हिसावर ब्रिटनमध्ये गेलेल्या कुशल कर्मचाऱ्याला प्रचलित नियमांप्रमाणे पाच वर्षांनी कायम निवासाचा अर्ज करता येतो. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत हा काळ सर्वसाधारणपणे दहा वर्षांचा करण्याचा प्रस्ताव सरकारने मांडला, त्यामुळे अर्जाच्या वेळी लागू असलेला नियम पाहणे अगत्याचे आहे. अनुपस्थितीची मर्यादा मात्र सर्वांच्या परिचयाची आहे : कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवस.

या वाक्यातील ‘कोणत्याही’ हा शब्द महत्त्वाचा. येथे जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष धरत नाहीत. समजा, एखादा तरुण १ नोव्हेंबरला मुंबईस निघाला आणि २८ फेब्रुवारीला परतला. निघण्याचा व पोहोचण्याचा दिवस वगळता ११८ दिवस झाले. पुढे वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी तो १० मे रोजी पुन्हा निघाला आणि २० जुलैला परतला. हे आणखी ७० दिवस. पंचांगाचे वर्ष धरले, तर पहिल्या वर्षात ६० आणि दुसऱ्या वर्षात १२८ दिवस भरतात. दोन्ही आकडे निर्धास्त वाटतात. परंतु नोव्हेंबर ते जुलै ही सलग खिडकी पाहिली, तर बेरीज १८८ होते आणि सलग वास्तव्य खंडित होते. दोन वेगवेगळ्या आर्थिक वर्षांची पाने वेगवेगळी तपासून एकूण उधारी कळत नाही, तसाच हा प्रकार आहे.

हा नियम पत्नीलाही लागू पडतो, ही गोष्ट अनेक घरांत उशिरा लक्षात येते. पतीच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर राहणारी सून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते. सातव्या महिन्यात आली आणि बाळ चार-पाच महिन्यांचे झाल्यावर परतली, तर १८० दिवसांची मर्यादा सहज ओलांडली जाते. पतीचा अर्ज मंजूर होतो, तिचा मात्र मागे पडतो. जवळच्या आप्ताचा जीवघेणा आजार वा मृत्यू, नैसर्गिक आपत्ती, महामारी अशा कारणांना सवलत आहे. परंपरेप्रमाणे माहेरी राहणे हे त्या कारणांत मोडत नाही. बाळंतपण कोठे करावे हा निर्णय कुटुंबाचाच आहे, पण तो घेताना हा आकडा समोर असलेला बरा.

हक्क मिळाल्यानंतर ब्रिटनचा नियम पुष्कळ उदार होतो. सलग दोन वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास तो हक्क संपतो. नंतर परतणारा रहिवासी म्हणून नव्याने प्रवेशपत्र मागता येते, पण त्यासाठी ब्रिटनशी असलेले दृढ संबंध आणि तेथेच स्थायिक होण्याचा इरादा सिद्ध करावा लागतो. नागरिकत्वाचे खाते पुन्हा निराळे : सामान्यतः मागील पाच वर्षांत ४५० दिवस आणि त्यांतील शेवटच्या बारा महिन्यांत ९० दिवस, एवढीच अनुपस्थिती गृहीत धरली जाते. अर्जाच्या तारखेच्या बरोबर पाच वर्षे आधीच्या दिवशी अर्जदार ब्रिटनमध्ये असावा, अशीही अट आहे. त्या एका दिवशी माणूस भारतात लग्नाच्या मांडवात असेल, तर अर्जाचीच तारीख पुढे ढकलणे शहाणपणाचे.

अमेरिका : दिवसांच्या मागे दडलेला इरादा

अमेरिकेचे ग्रीन कार्ड हा सर्वाधिक कुटुंबांचा आणि सर्वाधिक गैरसमजांचा विषय. ‘वर्षातून एकदा जाऊन आले की कार्ड टिकते,’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ते अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच घातक आहे.

सलग १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या कार्डधारकाकडे परतताना कायदा नव्याने प्रवेश मागणारा म्हणून पाहू शकतो, आणि मग चौकशी सखोल होते. एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ते कार्ड एरवी प्रवेशाला चालत नाही. तथापि एक वर्षाच्या आत परतणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे. अमेरिकेचा कायदा मुळात विचारतो तो प्रश्न असा, की बाहेरचा मुक्काम हा तात्पुरता प्रवास होता, की अमेरिकेतील वास्तव्य सोडून दिले आहे. घर कोठे आहे, जोडीदार व मुले कोठे आहेत, व्यवसाय कोठे चालतो, प्राप्तिकर रहिवासी म्हणून भरला जातो काय, परतीचा काळ आधीपासून ठरलेला होता काय, यांवरून अधिकारी इरादा वाचतो. दर वर्षी अकरा महिने कोल्हापुरात राहून तीन आठवडे न्यू जर्सीत काढणाऱ्याचे दिवस नियमात बसतात, पण इरादा बसत नाही.

याचा सर्वांत मोठा भार पडतो तो वृद्ध आई-वडिलांवर. मुलगा नागरिक झाला की प्रेमापोटी आई-वडिलांचे ग्रीन कार्ड करतो. त्यांचे मन मात्र तेथे रमत नाही. उपनगरातील बंद घर, ओळखीच्या माणसांचा अभाव आणि थंडी यांना कंटाळून ते सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असा क्रम धरतात. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया होते किंवा घरात कोणी आजारी पडते आणि सहाचे दहा महिने होतात. मार्च २०२० मध्ये भारताने नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबवली, ती मार्च २०२२ च्या अखेरीस पूर्ववत झाली. दरम्यान विशेष उड्डाणे होती, तरी प्रवासाची भीती बाळगणारे अनेक ज्येष्ठ वर्षभराहून अधिक काळ भारतात राहिले. अशांसाठी परतणाऱ्या रहिवाशाचा विशेष व्हिसा असतो. मुक्काम आपल्या हाताबाहेरच्या कारणाने लांबला आणि परतण्याचा इरादा कधीच सुटला नव्हता, हे त्यासाठी वकिलातीला पटवावे लागते.

मुक्काम लांबणार हे आधीच ठाऊक असेल, तर रीएन्ट्री परमिट हा मार्ग आहे. तो सामान्यतः दोन वर्षांपर्यंत चालतो. अर्ज मात्र अमेरिकेत प्रत्यक्ष हजर असतानाच करावा लागतो. भारतात आल्यावर तो सुचून उपयोग नाही. हा परवाना असला म्हणून इराद्याचा प्रश्न कायमचा मिटत नाही. केवळ मुक्कामाची लांबी हे एकमेव कारण पुढे करून कार्ड नाकारले जाण्यापासून संरक्षण मिळते.

विमानतळावर अधिकाऱ्याने हक्क स्वखुशीने सोडत असल्याचा अर्ज पुढे केला, तर काय करावे, हे ज्येष्ठांना निघण्यापूर्वी समजावून द्यायला हवे. त्या अर्जाला आय-४०७ म्हणतात, आणि त्यावर सही करणे ऐच्छिक आहे. सही न करता इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागण्याचा अधिकार कार्डधारकाला आहे. थकलेल्या, इंग्रजी अर्धवट समजणाऱ्या माणसाने न वाचता सही करणे म्हणजे कोऱ्या हुंडीवर अंगठा देणेच होय.

माहेरी बाळंत झालेल्या कार्डधारक स्त्रीसाठी येथे एक दिलासा आहे. तिच्या तात्पुरत्या परदेश मुक्कामात जन्मलेले मूल दोन वर्षांचे होण्याच्या आत, तिच्या पहिल्याच परतीच्या प्रवासात तिच्याबरोबर गेले, तर त्याला स्वतंत्र इमिग्रंट व्हिसा लागत नाही. संधी पहिल्या परतीचीच आहे, हे विसरू नये.

नागरिकत्वासाठी सामान्यतः पाच वर्षांचे सलग वास्तव्य आणि त्यांत तीस महिन्यांची प्रत्यक्ष उपस्थिती लागते. सहा महिन्यांहून अधिक, पण एक वर्षाहून कमी अनुपस्थितीने सलगता तुटली असे गृहीत धरले जाते. पुरावा देऊन ते गृहीतक खोडता येते. पूर्ण वर्षाच्या अनुपस्थितीने ती तुटतेच, आणि हाती रीएन्ट्री परमिट असले तरी तुटते. परवाना जपतो तो दुसऱ्या खात्याला, तिसऱ्याला नव्हे.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया : उघड अंकगणित

कॅनडाचा हिशेब दुकानाच्या रोजमेळासारखा स्वच्छ आहे. कायम निवासी असलेल्या व्यक्तीने दर पाच वर्षांच्या काळात किमान ७३० दिवस कॅनडात भरले पाहिजेत. ते सलग असण्याची गरज नाही, आणि दिवसाचा काही भाग जरी तेथे गेला तरी पूर्ण दिवस धरतात. अधिकारी ज्या दिवशी तपासणी करतो, त्या दिवसापासून पाच वर्षे मागे मोजतो. हक्क मिळताच भारतात परतून ‘आधी दुकानाचे मार्गी लावू, मग जाऊ’ म्हणणाऱ्याला तीन वर्षांनंतर उरलेल्या दिवसांत ७३० भरणे अशक्य होते; तेथून पुढे प्रत्येक दिवस तुटीचा.

काही सवलती व्यापारी कुटुंबांच्या विशेष उपयोगाच्या आहेत. कॅनडाचा नागरिक असलेल्या पती वा पत्नीबरोबर बाहेर राहिलेले दिवस जमेस धरतात. कॅनेडियन व्यवसायाने पूर्ण वेळ कामासाठी बाहेर पाठवले असेल, तरी ते दिवस जमा होतात. यावर कोणाला वाटेल, की टोरांटोत नावापुरती कंपनी काढावी आणि स्वतःलाच मुंबईस पाठवावे. कायद्याने ही पळवाट बुजवली आहे : निवासाची अट भागवण्यासाठीच मुख्यतः उभारलेला व्यवसाय ‘कॅनेडियन व्यवसाय’ म्हणून धरला जात नाही.

तेथे कार्डाची मुदत संपली म्हणजे हक्क संपला असे होत नाही. हक्क जातो तो रीतसर निर्णयानंतर, आणि त्यावर अपील करता येते. देशाबाहेर असताना निर्णय विरुद्ध गेला, तर त्यासाठी साठ दिवस असतात. मुलांचे हित, आप्तांचे आजारपण अशा मानवी कारणांचा विचारही होतो. नागरिकत्वासाठी मात्र पाच वर्षांत १,०९५ दिवसांची उपस्थिती लागते.

ऑस्ट्रेलियात कायम निवासाबरोबर ये-जा करण्याची मुभा सामान्यतः पाच वर्षांची मिळते. ती संपल्यावर तेथे राहण्यास आडकाठी नसते, पण बाहेर जाऊन परत यायचे तर रेसिडेंट रिटर्न व्हिसा घ्यावा लागतो. मागील पाच वर्षांत दोन वर्षे तेथे राहिलेल्यास तो पाच वर्षांसाठी मिळतो. एरवी व्यवसाय, नोकरी वा कुटुंबाचे भक्कम संबंध दाखवावे लागतात. शेजारच्या न्यूझीलंडची तऱ्हा निराळी. सुरुवातीच्या वर्षांतील अटी पुऱ्या करून एकदा ‘परमनंट रेसिडेंट’ व्हिसा मिळाला, की ये-जा करण्यास कालमर्यादाच राहत नाही.

अँटवर्प ते कोबे

१९६० च्या दशकापासून पालनपूरच्या जैन व्यापाऱ्यांनी बेल्जियमच्या अँटवर्प शहरात हिऱ्यांच्या व्यापारात स्थान मिळवले. सुरत, मुंबई आणि अँटवर्प असा त्यांचा फेरा अखंड चालतो, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने युरोपीय संघाचा दीर्घकालीन निवासाचा नियम जिव्हाळ्याचा आहे. २००३ च्या निर्देशानुसार हा हक्क मिळण्यासाठी पाच वर्षे सलग राहावे लागते. त्या काळात एका वेळची अनुपस्थिती सहा महिन्यांच्या आत आणि सर्व मिळून दहा महिन्यांपर्यंत चालते. मिळालेला हक्क सलग बारा महिने युरोपीय संघाबाहेर राहिल्यास जातो.

या बारा महिन्यांत थोडे दिवस येऊन गेलेल्याचे काय? हा प्रश्न व्हिएन्नातून युरोपीय न्यायालयापुढे गेला. कझाकस्तानच्या एका नागरिकाने आपला हक्क टिकवला होता तो वर्षातून मोजके दिवस ऑस्ट्रियात येऊन. २० जानेवारी २०२२ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की बारा महिन्यांच्या काळातील काही दिवसांची उपस्थितीही हक्क टिकण्यास पुरेशी आहे. म्हणजे जी गोष्ट अमेरिकेत हक्क गमावण्याचे लक्षण मानली जाऊ शकते, तीच युरोपात हक्क राखते. न्यू जर्सीतील मामेभावाचा सल्ला अँटवर्पच्या आतेभावाला का उपयोगी पडत नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण नाही. तथापि हा निर्णय संघाच्या दीर्घकालीन निवासापुरता आहे. देशोदेशीचे स्वतंत्र परवाने वेगळे. जर्मनीचा स्वतःचा कायम परवाना सामान्यतः सहा महिन्यांच्या अनुपस्थितीनेच संपतो.

जपानमधील कोबे शहरात मोत्यांच्या व्यापारासाठी गेलेल्या जैनांनी १९८५ साली जिनमंदिर उभारले. तेथील कायम निवाशालाही बाहेर पडताना परतीची परवानगी लागते. विशेष परवानगी एका वर्षाची असते आणि ती परदेशातून वाढवता येत नाही; अधिक काळ जायचे असेल, तर पाच वर्षांपर्यंतची परवानगी निघण्यापूर्वी घ्यावी लागते. हाँगकाँगमध्ये सात वर्षांच्या सर्वसाधारण वास्तव्यानंतर कायम निवासाचा हक्क मिळतो, पण बिगरचिनी व्यक्ती सलग छत्तीस महिने बाहेर राहिल्यास तो जातो. दुबईत तर असा कायम निवासच नाही. तेथील सामान्य निवासी व्हिसा सहा महिन्यांच्या अनुपस्थितीने रद्द होतो. गोल्डन व्हिसाधारकांना यातून सूट आहे.

भारताच्या बाजूचा हिशेब

बाहेरचे दिवस वाचवताना भारतातले दिवसही मोजले जात असतात. वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिलेली व्यक्ती प्राप्तिकरासाठी येथील निवासी ठरते. परदेशस्थ भारतीयाचे भारतातील उत्पन्न पंधरा लाखांहून अधिक असेल, तर १२० दिवसांपासूनच सावध राहावे लागते. अमेरिकेचे कार्ड असलेल्याला तेथेही जगभरच्या उत्पन्नाचे विवरण द्यावे लागते. दुहेरी करातून सुटण्यासाठी करारातील तरतुदीचा आधार घेऊन कोणी अमेरिकेत स्वतःला ‘अनिवासी’ म्हणवून घेतले, तर कर वाचतो, पण आपण तेथे राहत नाही अशी लेखी कबुलीही दिली जाते. पुढे इराद्याचा प्रश्न निघतो तेव्हा तोच कागद विरोधात उभा राहतो. म्हणून सनदी लेखापाल आणि इमिग्रेशनचा वकील यांनी एकमेकांशी न बोलता दिलेले सल्ले धोक्याचे.

‘मग सरळ नागरिकत्वच का घेऊ नये?’ हा प्रश्न उरतो. नागरिकत्वाने दिवसांची काळजी मिटते हे खरे. परंतु भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी नागरिकत्व स्वखुशीने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय कार्डाने ये-जा आणि वास्तव्य सुलभ होते, पण मतदानाचा अधिकार आणि शेतजमीन विकत घेण्याची मुभा राहत नाही. हा व्यवहाराइतकाच मनाचाही निर्णय आहे, आणि कायम निवास म्हणजे पुष्कळदा तो लांबणीवर टाकण्याची सोय असते. सोयीची किंमत दिवसांत मोजावी लागते, इतकेच.

दिवसांची वही

व्यापारी घराला हिशेब शिकवावा लागत नाही. तो वेळेवर लिहावा एवढेच सांगावे लागते. प्रत्येक सदस्याचे स्वतंत्र पान असावे. निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, मधले पूर्ण दिवस, प्रवासाचे कारण आणि त्याचा पुरावा अशी पाच घरे पुरेत. अलीकडे अनेक ठिकाणी पासपोर्टवर शिक्के उमटत नाहीत, म्हणून तिकिटे आणि बोर्डिंग पास जपावेत. आजारपणामुळे मुक्काम लांबला, तर रुग्णालयाची कागदपत्रे, डॉक्टरांचे तारखेनिशी पत्र आणि रद्द करावे लागलेले परतीचे तिकीट त्याच वेळी जमा करावे. दोन वर्षांनी मागितलेले प्रमाणपत्र आणि त्या दिवशी मिळालेला कागद यांचे वजन सारखे नसते. तिकडचे घरभाडे, बँकेचे खाते, विमा, करविवरण हे सारे चालू असल्याचा पुरावाही त्या वहीसोबत असावा. मुक्काम मर्यादेजवळ आला, की तिकीट वाढवण्यापूर्वी त्या देशातील जाणकार वकिलाला विचारावे. नियम बदलत असतात, आणि जुन्या सल्ल्याची मुदतही संपलेली असू शकते.

वहीइतकेच गरजेचे आहे ते घरातील मोकळे बोलणे. मुलाने आई-वडिलांचे कार्ड प्रेमाने केलेले असते आणि आई-वडील ते मुलाच्या समाधानासाठी सांभाळत असतात. दर वर्षी दुखऱ्या गुडघ्यांनी सोळा तासांचा प्रवास करायचा, तो केवळ कार्ड टिकावे म्हणून. येथे एक पर्याय क्वचितच विचारात घेतला जातो : हक्क रीतसर परत करून पाहुण्याचा व्हिसा मागणे. हा व्हिसा मिळेलच अशी खात्री नसते, परंतु हक्क प्रामाणिकपणे सोडल्याची नोंद विमानतळावरील वादापेक्षा केव्हाही चांगली. पुढे खरोखरच कायमचे जाण्याची वेळ आली, तर नागरिक असलेला मुलगा किंवा मुलगी नव्याने अर्ज करू शकते.

तरुणांचा प्रश्न याच्या उलट. वडील अंथरुणाला खिळले असताना मुलाला दिवसांची आठवण करून देणे घरच्यांना निष्ठुरपणाचे वाटते, आणि मुलगाही ती काढत नाही. परिणामी पाच-सात वर्षांच्या कष्टाने मिळवलेले तिकडचे स्थान न बोलता निसटते आणि त्याची सल मागे राहते. त्याऐवजी भावंडांनी मुक्काम वाटून घ्यावा, मधल्या काळात एक फेरी करता येते का ते पाहावे, किंवा वडिलांजवळ राहणेच मोलाचे आहे असे ठरवून तो हक्क जाणूनबुजून सोडावा. तिन्ही निर्णय योग्य असू शकतात. अयोग्य आहे ते निर्णय न घेता दिवस उलटू देणे, कारण मग घराने न घेतलेला निर्णय परक्या देशाचा अधिकारी घेतो.